उद्याचे ओझे

वाचन : मत्तय ६:२५-३४, फिलिप्पै २:१९-२१ व ४:४-७



मृग कोरडा जातो, बियाणे उसने आणलेले असते, आणि रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या कुणबी मनात सावकाराचा हिशेब मांडू लागतो. शंभरदा मांडला तरी त्यातला एक रुपया कमी होत नाही. झोप मात्र जाते. अशा माणसास "चिंता करू नको" एवढेच सांगून उपदेशक उठून गेला, तर ते जखमेवर मीठ चोळणे होय. म्हणून प्रभूने काय सांगितले व काय सांगितले नाही, हे नीट पाहू.

१. प्रभूने उद्योग मना केला नाही. पाखरे पेरीत नाहीत, तरी त्यांच्या चोचीत आयता दाणा पडत नाही. पहाट होताच ती चाऱ्यासाठी निघतात. प्रभूने त्यांच्याकडे बोट दाखविले ते आळस शिकविण्यासाठी नव्हे. देव पाखरांचा पोशिंदा आहे, पण आपला तो बाप आहे, हे त्यास दाखवावयाचे होते. उद्याचे ओझे आजच डोक्यावर घेणे, एवढेच त्याने मना केले.

२. पौल हे पत्र लिहीत असता बंदिवान होता. पुढे सुटका की मरण, हे ठरलेले नव्हते. तरी तो म्हणतो की चिंता सोडा, आणि आपले मागणे उपकारस्तुतीसह देवास कळवा. त्याच पत्रात, तीमथ्य तुमची मनापासून काळजी वाहील, असेही तो लिहितो. मूळ ग्रीक भाषेत दोन्ही ठिकाणी क्रियापद एकच आहे! स्वतःभोवती घिरट्या घालणारी काळजी देवाच्या हाती दिली, म्हणजे तेच मन शेजाऱ्याची काळजी वाहण्यास मोकळे होते.

३. पंडिता रमाबाईंचे उदाहरण घ्या. तरुणपणी दुष्काळात त्यांचे आईबाप अन्नावाचून गेले. दुष्काळाचे भय त्यांच्याहून कोणास अधिक असावे? तरी १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० अनाथ मुली व विधवा घेऊन आल्या. केडगाव येथे त्यांनी प्रार्थनाही केली, विहिरीही खणविल्या. विश्वासाने त्यांचे हात बांधले नाहीत. ते कामास लावले.

४. आता आपण काय करावे? रात्री हिशेब डोक्यात फिरू लागला की उठून बसा. किती रुपये, कोणाचे, कोणत्या मुदतीचे, हे देवास स्पष्ट सांगा. आज मिळालेल्या एका गोष्टीबद्दल उपकार माना. सकाळी आपल्या हातून होण्याजोगे एक काम ठरवा, आणि बाकीचे त्याच्यावर सोपवून निजा. मंडळीने अशा भावास एकटे सोडू नये. ज्यास लिहितावाचता येते त्याने कर्जाचा कागद वाचून द्यावा, व सावकाराकडे त्याच्यासोबत जावे.

पाऊस येईलच, असे वचन आपणांस दिलेले नाही. देवाची शांती आपल्या अंतःकरणाची राखण करील, असे दिलेले आहे. पीक बुडाले तरी हा राखणदार माळा सोडून जात नाही.

प्रश्न
१. उद्योग व चिंता यांत भेद काय?
२. पौलाने ही शिकवण कोठून लिहिली? त्यामुळे तिचे वजन का वाढते?
३. या आठवड्यात आपल्या मंडळीत कोणाचे ओझे आपण वाटून घेऊ शकतो?