फौजीची बायको आणि फारकतीचा कागद



सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या गावांत फौजी घरं पुष्कळ. आपल्या गटांतही जवानांच्या बायका, आया, बहिणी आहेत. नवरा सीमेवर असतो तेव्हा शेत, जनावरं, सासू-सासरे आणि मुलांची शाळा त्याच सांभाळतात. पण नवरा-बायकोचं बिनसलं की याच बाईला सांगितलं जातं, "फौजेचा कायदा वेगळा असतो, तुला त्यातलं काही कळायचं नाही. या स्टँपवर सही कर आणि मोकळी हो."

या वेळचा पाठ त्या सहीबद्दल आहे. दोन वाक्यं पाठ करून ठेवा. स्टँपपेपरवर सही करून घटस्फोट होत नाही. आणि पोटगी मागायला घटस्फोट घ्यावा लागत नाही.

घटस्फोटासाठी फौजेचा वेगळा कायदा आहे का?

नाही. जवान असो की शिक्षक, घटस्फोट देतं ते न्यायालयच. हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख जोडप्यांना हिंदू विवाह कायदा १९५५ लागू होतो. मुस्लिम आणि ख्रिस्ती जोडप्यांचे कायदे वेगळे आहेत. युनिटचे साहेब घटस्फोट देऊ शकत नाहीत, सरपंच देऊ शकत नाहीत आणि नोटरीसुद्धा देऊ शकत नाही. काही समाजांत काडीमोडीची जुनी रूढी आहे आणि कायद्याने तिला जागा ठेवली आहे. पण ती रूढी खरोखर चालत आलेली आहे, हे न्यायालयात सिद्ध करावं लागतं. नुसतं "आमच्यात चालतं" म्हणून भागत नाही.

घटस्फोटाचे दोन रस्ते आहेत.

पहिला, दोघांच्या संमतीने. त्यासाठी दोघं किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागतात. अर्ज दिल्यावर साधारण सहा महिने थांबावं लागतं. योग्य कारण असेल तर न्यायालय हा काळ माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितलं आहे. शेवटचा हुकूम होईपर्यंत तुम्ही आपली संमती मागे घेऊ शकता.

दुसरा, एकाने दुसऱ्यावर दावा लावून. त्याला कारण लागतं. छळ, व्यभिचार, सलग दोन वर्षं टाकून देणं, अशी कारणं कायद्यात दिलेली आहेत.

"दोन वर्षं माहेरी होतीस, आपोआप घटस्फोट झाला"

हे साफ खोटं आहे. आपोआप घटस्फोट कधीच होत नाही.

फौजी घरात तर हे नीट समजून घ्यायला हवं. नवरा ड्युटीवर आहे म्हणून वेगळं राहणं म्हणजे त्याने बायकोला टाकणं नव्हे. क्वार्टर मिळालं नाही म्हणून बायको गावी राहिली, तर तिनेही नवऱ्याला टाकलेलं नाही. 'वेगळं राहणं' म्हणजे नवरा-बायको म्हणून नातं ठेवायचं नाही, असं ठरवून राहणं. पोस्टिंगमुळे पडलेलं अंतर त्यात धरत नाहीत.

म्हणून तो सुट्टीवर घरी आल्याचं, फोन झाल्याचं, पैसे पाठवल्याचं जे काही असेल ते जपून ठेवा. बँकेचं पासबुक, मोबाईलवरचे मेसेज, रेल्वेचं तिकीट, सगळं.

सही केली तर काय जातं?

नुसत्या स्टँपपेपरमुळे फौजेच्या कागदांत तुमचं नाव बदलत नाही. लग्न, मुलांचा जन्म, घटस्फोट या नोंदी युनिट करतं आणि त्या रेकॉर्ड ऑफिसात राहतात. घटस्फोटाच्या नोंदीला न्यायालयाचा हुकूमनामा लागतो. पण तोच स्टँपपेपर पुढे न्यायालयात तुमच्याविरुद्ध दाखवला जातो, "बघा, हिने राजीखुशीने सोडलं, पोटगी नको म्हणाली." म्हणून सही नको.

न्यायालयाचा खरा घटस्फोट झाल्यावर काय बदलतं, तेही माहीत हवं. बायको म्हणून मिळणारी कौटुंबिक पेन्शन, ई.सी.एच.एस.चे उपचार आणि कँटीन कार्ड हे हक्क संपतात. मुलांचे हक्क मात्र आईबापाच्या घटस्फोटाने संपत नाहीत. मुलं बापाचीच राहतात. नियमात बसत असतील तर कौटुंबिक पेन्शनमध्येही त्यांचं नाव राहतं.

याचा अर्थ छळ सोसत राहा, असा बिलकुल नाही. वेगळं व्हायचं असेल तर जरूर व्हा. पण काय सोडतोय हे कळून व्हा, आणि त्याच्या बदल्यात कायमची पोटगी, मुलांचा खर्च आणि स्त्रीधन हुकूमनाम्यात लिहून घ्या.

आणखी एक. पहिलं लग्न कायद्याने मोडलेलं नसताना त्याने दुसरं केलं, तर ते लग्न रद्दबातल असतं. तो गुन्हाही आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. फौजेतही त्याच्यावर कारवाई होते. पहिली बायको हीच कायदेशीर बायको राहते.

पोटगी कुठून मागायची?

दोन दारं आहेत.

*पहिलं दार: युनिट.* लष्कर कायदा १९५० च्या कलम ९० आणि ९१ प्रमाणे, जो जवान किंवा अधिकारी बायको-मुलांना सांभाळत नाही त्याच्या पगारातून फौज स्वतः रक्कम कापून बायकोला देऊ शकते. कलम ९० अधिकाऱ्यांसाठी आहे, ९१ जवान आणि जे.सी.ओ. यांच्यासाठी. फौजेच्या आदेशाप्रमाणे बायकोसाठी पगार व भत्त्यांच्या २२ टक्क्यांपर्यंत, प्रत्येक मुलासाठी ५.५ टक्क्यांपर्यंत आणि सगळं मिळून जास्तीत जास्त ३३ टक्के कापता येतात.

हिशोब करून बघू. समजा पगार आणि भत्ते ४०,००० रुपये आहेत आणि मुलं दोन आहेत. बायकोचे ८,८०० पर्यंत, मुलांचे २,२०० आणि २,२००. एकूण १३,२०० रुपये. ही वरची मर्यादा आहे, एवढे मिळतीलच असं नाही.

अर्ज साध्या मराठीत किंवा हिंदीत कमांडिंग ऑफिसरच्या नावाने लिहायचा. लग्न कधी झालं, मुलं किती, पैसे कधीपासून बंद आहेत, तुमचं स्वतःचं उत्पन्न किती, हे खरं खरं लिहा. लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, आधार आणि बँक पासबुकाची झेरॉक्स जोडा. अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. एक प्रत रेकॉर्ड ऑफिसला पाठवा. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावला आहे, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं रेकॉर्ड ऑफिस नाशिक रोडला आणि महार रेजिमेंटचं केंद्र मध्य प्रदेशात सागरला. पत्ता सापडत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. ते कार्यालय फक्त माजी सैनिकांचं नाही, नोकरीवर असलेल्या जवानाच्या कुटुंबालाही तिथे मदत मिळते.

युनिट नवऱ्याचं म्हणणं ऐकून घेतं आणि मग वरचे अधिकारी निर्णय देतात. वेळ लागतो, म्हणून दर महिन्याला विचारणा करत राहा.

*दुसरं दार: न्यायालय.* भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली पोटगी मागता येते. पूर्वीचं कलम १२५ ते हेच. बदल १ जुलै २०२४ पासून झाला आहे. घटस्फोट झालेली बाईसुद्धा, दुसरं लग्न केलेलं नसेल तर, यात मागू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं आहे की पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजायची आणि दोघांनीही आपलं उत्पन्न शपथेवर लिहून द्यायचं. मारहाण किंवा छळ असेल तर घरगुती हिंसाचार कायदा २००५ आहे. त्यात सासरच्या घरात राहण्याचा हक्कही मागता येतो.

सैनिकाचा पगार दिवाणी न्यायालयाला थेट जप्त करता येत नाही. म्हणून पोटगीचा हुकूम हातात आला की त्याची सही-शिक्क्याची प्रत युनिटला आणि रेकॉर्ड ऑफिसला पाठवा. दोन्ही दारं ठोठावली असतील तर एकीकडचं दुसरीकडे लपवू नका. रक्कम वळती होते, पण लपवलं तर केस कमजोर होते.

लक्षात ठेवा, वरचे टक्के लष्कराचे आहेत. सी.आर.पी.एफ., बी.एस.एफ. ही दलं गृह मंत्रालयाखाली येतात, त्यांचे नियम वेगळे आहेत. न्यायालयाचं दार मात्र सगळ्यांना सारखंच उघडं आहे.

तो लांब आहे, केस चालवायची कशी?

बायको स्वतः राहते त्या भागातल्या न्यायालयात घटस्फोटाचा दावा लावू शकते. नवऱ्याच्या पोस्टिंगच्या गावी जायची गरज नाही. जवानाची नोटीस त्याच्या कमांडिंग ऑफिसरमार्फत बजावली जाते. म्हणून आर्मी नंबर, हुद्दा, युनिटचं नाव आणि ए.पी.ओ. पत्ता आजच वहीत लिहून ठेवा. भांडण झाल्यावर हे कागद घरातून गायब होतात.

जवान युद्धावर किंवा सीमेवरच्या खास ड्युटीवर असेल तर इंडियन सोल्जर्स (लिटिगेशन) कायदा १९२५ प्रमाणे केस काही काळ थांबू शकते. केस थांबली म्हणजे संपली असं नाही. तेवढ्या काळात युनिटकडे पोटगीचा अर्ज चालू ठेवा.

आणि त्याने लांबच्या राज्यात केस टाकून तुम्हाला नोटीस आली तर? ती घेतली नाही म्हणून केस टळत नाही, उलट एकतर्फी निकाल लागू शकतो. नोटीस घ्या, तारीख बघा आणि लगेच तालुका विधी सेवा समितीकडे जा. केस आपल्याकडे वर्ग करून मागता येते. बाईला सरकारी खर्चाने वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. फोन नंबर १५१००. छळ होत असेल तर महिला हेल्पलाइन १८१.

गटाने काय करायचं?

अशा बाईला बहुतेक वेळा कायद्यापेक्षा लोकांची भीती जास्त असते. फौजीला गावात मान असतो आणि तो असावाच. पण त्या मानाखाली तिचा आवाज दबू नये. तिला "जुळवून घे" किंवा "सोडून दे" हे आपण सांगायचं नाही. ते तिचं तिने ठरवायचं. आपण तिच्यासोबत पोस्टात जायचं, तारखेला कोर्टात बसायचं, आणि सहीसाठी कुणी घाई केली तर म्हणायचं, "आधी वकिलाला दाखवतो."

मासिक बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या गटातल्या फौजी कुटुंबांतील किती जणींकडे नवऱ्याचा आर्मी नंबर आणि युनिटचा पत्ता लिहिलेला आहे?

२. स्टँपपेपरवरची फारकत आणि न्यायालयाचा हुकूमनामा यांत फरक काय?

३. पगार व भत्ते ५०,००० रुपये आणि मूल एक असेल, तर युनिटकडून जास्तीत जास्त किती पोटगी मिळू शकेल? (उत्तर: बायकोचे ११,००० आणि मुलाचे २,७५०, एकूण १३,७५० रुपये.)

४. आपल्या तालुक्याची विधी सेवा समिती कुठे बसते? पुढच्या बैठकीआधी दोघींनी जाऊन बघून यायचं.

– तुमची क्षेत्रीय समन्वयक