‘पाहणे’ एक, अर्थ अनेक : इंग्रजीतील ‘लुक’ या क्रियापदाचा अभ्यास

एखाद्या बांधकामाच्या चौकशी अहवालात ‘द एन्ट्रीज वेअर लुक्ड ओव्हर बाय द इंजिनिअर’ असे वाक्य आहे, अशी कल्पना करावी. मोजमाप पुस्तकातील नोंदी अभियंत्याने तपासून पाहिल्या, असा त्याचा अर्थ होतो. आता यातील दोन शब्दांची अदलाबदल होऊन ते जोडले गेले आणि ‘लुक्ड ओव्हर’ऐवजी ‘ओव्हरलुक्ड’ असे लिहिले गेले, तर त्या नोंदी अभियंत्याच्या नजरेतून सुटल्या किंवा त्याने त्यांकडे दुर्लक्ष केले, असा अर्थ होतो. पहिल्या वाक्यात कर्तव्य पार पाडल्याची नोंद आहे, तर दुसऱ्यात हयगयीचा ठपका आहे. शब्द तेच, पण एका छोट्या शब्दाच्या जागेवर एका कर्मचाऱ्याची जबाबदारी ठरते.

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ अन्वये १ मे १९६६ पासून राज्याच्या कारभारात मराठीला राजभाषेचे स्थान मिळाले. तथापि केंद्र शासनाशी व इतर राज्यांशी होणारा पत्रव्यवहार, तसेच उच्च व सर्वोच्च न्यायालयांतील कामकाज यांमुळे इंग्रजी मजकूर समजून घेण्याची व त्याचा आशय मराठीत उतरविण्याची गरज कार्यालयांना नित्य भासते. दुसरीकडे, २०००-०१ या शैक्षणिक वर्षापासून राज्यातील शाळांत पहिल्या इयत्तेपासून इंग्रजीचे अध्यापन सुरू झाले. अधिकारी आणि शिक्षक या दोघांनाही सारखीच अडचण जाणवते, ती म्हणजे साध्या क्रियापदाला जोडून येणाऱ्या छोट्या अव्ययांची.

ही अडचण नवी नाही. डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच, क्रियापदाला अव्यय जोडून अर्थ बदलण्याची ही पद्धत परकीयांना सर्वाधिक अवघड जाते, असे नमूद केले होते.

मराठीतील ओळखीची वाट

मराठी भाषकाला मात्र ही गोष्ट सर्वस्वी अपरिचित नाही. ‘लागणे’ हे क्रियापद घ्यावे. ‘मागे लागणे’, ‘हाती लागणे’, ‘नादी लागणे’, ‘पणाला लागणे’ या प्रयोगांत क्रियापद एकच असूनही अर्थ चार आहेत. ‘पाहणे’ या क्रियापदाचेही तसेच. ‘कागद पाहून घेतो’ हे आश्वासन ठरते, तर ‘तुला पाहून घेतो’ ही धमकी ठरते. या प्रयोगांचा अर्थ कोणी शब्द सुटे करून लावीत नाही. संपूर्ण प्रयोगच एक शब्द म्हणून मनात ठसलेला असतो. इंग्रजीतील ‘लुक’चे प्रयोगही याच रीतीने शिकावयाचे असतात.

फरक आहे तो रचनेचा. मराठीत विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यय नामानंतर येतात, तर इंग्रजीत ते अव्यय नामापूर्वी व बहुधा क्रियापदाला लागून येते. ‘फळ्याकडे पहा’ या वाक्यातील ‘कडे’चे शब्दशः भाषांतर करून विद्यार्थी ‘लुक टू द बोर्ड’ असे म्हणतो. शुद्ध प्रयोग ‘लुक ॲट द बोर्ड’ असा आहे. ‘लुक टू’ म्हणजे एखाद्याकडून साहाय्याची अपेक्षा ठेवणे. ‘द फार्मर्स लुक टू द बँक फॉर क्रेडिट’ या वाक्यात शेतकरी बँकेकडे नजर लावून बसलेले नसून कर्जासाठी तिच्यावर भिस्त ठेवून आहेत.

येथेच ‘लुक’ आणि ‘सी’ यांतील भेदही स्पष्ट करावा. ‘लुक’ म्हणजे नजर वळविणे, ‘सी’ म्हणजे दृष्टीस पडणे. नकाशा पाहिला पण गाव दिसले नाही, हे सांगताना इंग्रजीत ‘लुक्ड ॲट द मॅप’ आणि ‘डिड नॉट सी द व्हिलेज’ असे म्हटले जाते. ‘लुक’ला ‘ॲट’ची जोड लागते, ‘सी’ला लागत नाही.

कार्यालयीन व्यवहारातील प्रयोग

शासकीय पत्रव्यवहारात दोन प्रयोगांची गल्लत विशेष होते. ‘लुक आफ्टर’ म्हणजे सांभाळणे, देखभाल करणे. ‘आफ्टर’चा ‘नंतर’ किंवा ‘मागे’ हा अर्थ येथे लागू पडत नाही. रिक्त पदाचा कार्यभार तात्पुरता सांभाळण्यास ‘लुक-आफ्टर चार्ज’ म्हणतात, तोही याच अर्थाने. ‘लुक इनटू’ म्हणजे एखाद्या बाबीच्या मुळाशी जाऊन चौकशी करणे. नळपाणी योजनेतील दोषाबद्दल तक्रार करणाऱ्या ग्रामपंचायतीने ‘प्लीज लुक आफ्टर द कम्प्लेंट’ असे लिहिल्यास तक्रार जपून ठेवावी असा विचित्र बोध होईल. तेथे ‘लुक इनटू’ हाच प्रयोग हवा.

याच्या उलट, वरिष्ठ कार्यालयाकडून ‘द मॅटर इज बीइंग लुक्ड इनटू’ असे उत्तर आल्यास त्याचे ‘या बाबीकडे पाहिले जात आहे’ असे भाषांतर करणे चुकीचे ठरेल. ‘या बाबीची चौकशी चालू आहे’ हाच त्याचा अर्थ. पहिल्या भाषांतरातून नागरिकाला काहीच कळत नाही. दुसऱ्यातून चौकशीचा निष्कर्ष विचारण्याचा आधार त्याच्या हाती येतो.

‘लुक फॉर’ म्हणजे हरवलेली किंवा हवी असलेली वस्तू शोधणे, तर ‘लुक अप’ म्हणजे शब्द, नियम किंवा क्रमांक यांचा अर्थ अथवा तपशील ग्रंथात पाहणे. हरवलेली नस्ती शोधताना ‘लुक फॉर’ आणि नियमपुस्तिकेतील कलम काढून पाहताना ‘लुक अप’ असे म्हणावे. ‘लुक थ्रू’ म्हणजे कागदपत्रे एकामागून एक नजरेखालून घालणे. ‘लुक आउट’ हा सावधगिरीचा इशारा आहे. फरारी व्यक्तीस देशाबाहेर जाता येऊ नये म्हणून काढल्या जाणाऱ्या ‘लुकआउट नोटिशी’चे नाव वृत्तपत्रांमुळे सर्वांच्या परिचयाचे झाले आहे.

माणसामाणसांतील संबंधही ‘लुक’ने व्यक्त होतात. ‘लुक अप टू’ म्हणजे आदराने पाहणे आणि ‘लुक डाउन ऑन’ म्हणजे तुच्छ लेखणे. ‘लुक अप’ आणि ‘लुक अप टू’ यांत केवळ ‘टू’चा फरक आहे, पण पहिला कोशाशी संबंधित आहे आणि दुसरा गुरुजनांशी.

शब्दांची जागा आणि रूप

अव्ययाचा अर्थ कळल्यानंतर त्याच्या जागेकडे लक्ष द्यावे लागते. ‘लुक आफ्टर’, ‘लुक इनटू’ व ‘लुक फॉर’ या प्रयोगांतील जोडी तोडून मध्ये कर्म घालता येत नाही. ‘लुक अप’चे तसे नाही. ‘लुक अप द वर्ड’ आणि ‘लुक द वर्ड अप’ ही दोन्ही रूपे शुद्ध आहेत. परंतु कर्म सर्वनाम असेल, तर ते मध्येच आले पाहिजे. म्हणून ‘लुक इट अप’ शुद्ध आणि ‘लुक अप इट’ अशुद्ध. उलट ‘लुक आफ्टर इट’ शुद्ध आणि ‘लुक इट आफ्टर’ अशुद्ध होय.

पत्राच्या शेवटी येणारा ‘लुक फॉरवर्ड टू’ हा प्रयोगही असाच फसवा आहे. उत्सुकतेने वाट पाहणे हा त्याचा अर्थ. यातील ‘टू’ हे शब्दयोगी अव्यय असल्यामुळे त्यापुढे नाम किंवा ‘इंग’ प्रत्ययान्त रूप येते. ‘वुई लुक फॉरवर्ड टू रिसीव्हिंग युवर रिप्लाय’ असे लिहावे, ‘टू रिसीव्ह’ असे लिहू नये.

अध्यापनाची दिशा

या प्रयोगांची लांबलचक यादी फळ्यावर लिहून ती पाठ करून घेण्याने फारसे साध्य होत नाही. एका तासाला दोन किंवा तीन प्रयोग घ्यावेत आणि प्रत्येक प्रयोग वर्गातील प्रत्यक्ष कृतीशी जोडावा. हरवलेली पेन्सिल शोधताना ‘लुक फॉर’, कोशातील शब्द काढताना ‘लुक अप’, शाळेच्या बागेतील रोपांना पाणी घालताना ‘लुक आफ्टर’ असे प्रसंग घडवून आणले, तर अर्थ वेगळा सांगण्याची गरज उरत नाही. कार्यालयातील भाषांतरकारानेही ‘लुक’ हा शब्द दिसताच ‘पाहणे’ असे लिहून मोकळे न होता आधी पुढील अव्यय वाचावे, मग कर्म कोणते ते ठरवावे आणि शंका आल्यास कोश उघडावा.

ग्रामपंचायतीच्या तक्रारीची चौकशी होणार की ती केवळ जपून ठेवली जाणार, नोंदी तपासल्या गेल्या की नजरेतून सुटल्या, हे ज्या छोट्या शब्दावर अवलंबून असते, त्याच्यापाशी क्षणभर थांबणे हा भाषेच्या अभ्यासाचा, तसाच जबाबदार कारभाराचाही भाग आहे.