गाणं ऐका, पण डॉक्टरांना सांगून

कॅन्सरच्या उपचारात मला गाण्याने मोठा आधार दिला. पण हा आधार कसा घ्यायचा आणि कुठे जपायचं, हे सुरुवातीला सांगणारं कोणी भेटलं नाही. माझ्यानंतर त्याच वॉर्डात जाणाऱ्यांना ते आधीच कळावं, म्हणून हे लिहितो आहे.

माझं गाव एकोडी, तालुका साकोली, जिल्हा भंडारा. धानाचा मुलूख. दिवाळी आटोपली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, रात्री दंडार नाही तर झाडीपट्टीचं नाटक रंगतं. गुरुदेव सेवा मंडळाच्या भजनात खंजिरी घुमते. मी त्या भजनातच वाढलो. गालाच्या आतली जखम काही केल्या भरेना, तपासणीत कॅन्सर निघाला. नागपूरला ऑपरेशन झालं आणि पुढे रेडिएशन व त्याच्या जोडीला केमो घ्यायचं ठरलं. तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटणाऱ्या आमच्या भागात हा आजार कोणालाच नवा राहिलेला नाही.

रेडिएशन दुखत नाही, पण तो मास्क जिवावर येतो. जाळीदार प्लास्टिक गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर दाबतात. थंड झालं की ते आपल्या नाकाडोळ्यांच्या आकारात कडक होतं. डोकं जरासुद्धा हलू नये म्हणून रोज तोच मास्क घालून आपल्याला टेबलाला जखडतात. मग जाड दार बंद होतं, खोलीत आपण एकटे, आणि माणसं बाहेरून कॅमेऱ्यात बघत असतात. तोंडाच्या आणि मानेच्या कॅन्सरला हे साधारण आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे चालतं. पहिल्या दिवशी माझा जीव गुदमरला. टेक्निशियनने विचारलं, "काका, गाणं लावू का?" खोलीत स्पीकर होता. त्याने तुकडोजी महाराजांचं भजन लावलं. पुढे रोज मी मशीनकडे लक्षच दिलं नाही, कडवी मोजली. एक भजन संपून दुसरं रंगात यायचं, तोवर दार उघडायचं. मास्कमध्ये इयरफोन बसत नाहीत, म्हणून ही सोय तुम्हालाच मागावी लागेल. बहुतेक जण संकोचाने मागत नाहीत. मागा.

केमोच्या वेळी मात्र वेगळाच अनुभव आला. सलाईन तासन् तास चालतं, म्हणून मी सर्वात जिव्हाळ्याची भजनं, वडिलांच्या तोंडून ऐकलेली, तेव्हा लावत असे. त्यानंतर उलट्या व्हायच्या. काही दिवसांनी घरी धाकट्या मुलाने त्यातलंच एक भजन लावलं आणि माझ्या पोटात ढवळायला लागलं. नर्सबाईंना सांगितलं तर त्यांना नवल वाटलं नाही. केमोचे काही रुग्ण दवाखान्याचं फाटक दिसताच ओकतात, काहींना तिथल्या फिनाईलच्या वासानेच मळमळतं. औषध अंगात जायच्या आधीच शरीराला त्याची आठवण होते. तसंच माझ्या भजनाचं झालं. म्हणून सांगतो, काळजाजवळचं गाणं केमोच्या खुर्चीवर नेऊ नका. तिथे बासरी, संतूर, आधी कधी न ऐकलेलं काही लावा. आपलं गाणं घरच्या संध्याकाळसाठी राखून ठेवा. आणि मळमळ अशी आधीच सुरू होत असेल तर डॉक्टरांना सांगा, त्यावर गोळ्या असतात.

तिसरी गोष्ट कानाची, आणि ती सर्वात महत्त्वाची. तोंडाच्या कॅन्सरला रेडिएशनसोबत सिस्प्लॅटिन हे औषध पुष्कळदा देतात. औषध गुणाचं आहे, पण ते कानाच्या आतल्या नाजूक पेशींना इजा करू शकतं. आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात आणि गेलेलं ऐकू येणं बहुधा परत येत नाही. मी झोपताना एक ठरलेलं भजन ऐकायचो, रोज तेच, आवाजही तेवढाच. एका रात्री खंजिरीच्या पितळी चकत्यांचा छुनछुनाट नीट येईना. थाप ऐकू येत होती, चकत्या नाहीत. वर कानात रातकिड्यासारखी किर्रकिर्र. घरचे म्हणाले, "इयरफोन लावून लावून झालं असंल, ठेवून दे तो." सकाळी राउंडला मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी लगेच कानाची तपासणी लिहून दिली आणि अहवाल पाहून पुढच्या वेळचं औषध बदललं. माणसांचं बोलणं मला ऐकू येतच होतं. ते ठरलेलं भजन नसतं तर हा फरक मला कळलाही नसता.

तेव्हा सिस्प्लॅटिन सुरू होण्याआधीच कानाची तपासणी करून घ्यायची का, हे विचारा. आवाज नेहमी कमी ठेवा; शेजारच्याला तुमच्या इयरफोनमधलं ऐकू येत असेल तर तो जास्तच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसासाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही मर्यादा सांगितली आहे, पण ती निरोगी कानासाठी. आपले कान औषध झेलत असतात, त्यांना त्याहून जपा. इयरफोन कोणाला देऊ नका, कोणाचा घेऊ नका आणि रोज पुसा, कारण केमोत अंगातली प्रतिकारशक्ती खाली गेलेली असते.

वॉर्डात असताना एक जण रागदारीच्या सीडी घेऊन आला होता. अमुक राग रोज ऐकला की गाठ विरघळते, केमोची गरज नाही, असं तो सांगत होता. दमलेल्या माणसाला असं बोलणं गोड लागतं. पण संगीत आणि कॅन्सर यांवरच्या ८१ चाचण्यांचा एकत्र आढावा कॉक्रेन या संस्थेने २०२१ मध्ये घेतला. संगीताने मोठ्या माणसांची चिंता, वेदना, थकवा कमी व्हायला मदत होऊ शकते, असं त्यात आहे. गाठ विरघळते असं त्यात कुठेही नाही. आमच्या तुकडोजी महाराजांचंच घ्या. भजनाने त्यांनी गावंच्या गावं जागी केली, त्यांच्याएवढं भजन कोणी केलं? त्यांनाही कॅन्सर झाला, त्यांच्यावरही उपचार झाले, आणि ११ ऑक्टोबर १९६८ रोजी ते गेले. आज नागपुरात त्यांच्या नावाचं कॅन्सर रुग्णालय आहे आणि तिथे रुग्णाला रेडिएशन आणि औषधंच देतात.

सोबत राहणाऱ्यांसाठीही थोडं सांगतो. गाणी घरूनच मोबाईलमध्ये भरून आणा, वॉर्डात रेंजचा भरवसा नसतो. गाणं रुग्णाला विचारून लावा. त्याला शांतता हवी असेल तर बंद करा. शेजारच्या खाटेवर कोणी कण्हत असेल तेव्हा स्पीकर नकोच. ऑपरेशन आणि रेडिएशननंतर जबडा आखडतो, तेव्हा लाकडी काड्या दातांत धरून तोंड उघडण्याचा व्यायाम देतात. तो कंटाळवाणा असतो आणि दुखतोही. एका गाण्याभर काड्या धरायच्या, दुसऱ्या गाण्याला विश्रांती, असं लावून दिलं तर रुग्ण तो सोडत नाही. माझं तोंड पूर्वीसारखं उघडत नाही, वरचा सूर लागत नाही, पण भजनाला मी बसतो आणि धृपदाला साथ देतो.

ज्यांच्यावर उपचार चालू आहेत त्यांना हात जोडून सांगतो: गाणं सोडू नका आणि गाण्याच्या भरवशावर एकही केमो, एकही रेडिएशन चुकवू नका. कानात काही वेगळं वाजलं, नेहमीचं काही ऐकू येईनासं झालं, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा.