शिफ्ट सांभाळून फिल्म

प्रश्न : उमरोळीत राहतो, तारापूर एमआयडीसीत शिफ्टची नोकरी. वडिलांचा फिल्म कॅमेरा हाती आलाय, पण रोल महिनोन्महिने अर्धवट राहतो. काय करू?

उत्तर : रविवारची वाट पाहणं आधी सोडा. कॅमेरा डब्याच्या पिशवीत ठेवा आणि कामाच्या दिवशी एक, फक्त एकच फोटो काढा. ३६ फोटोंचा रोल सहा आठवड्यांत संपेल. ४०० आयएसओचा कृष्णधवल रोल घ्या. लख्ख उन्हात एफ/१६ आणि १/५०० चालतं, लोकलची वाट पाहताना विचार करत बसावं लागत नाही. अणुऊर्जा केंद्राच्या आसपास मात्र कॅमेरा बाहेर काढूच नका.

गाडीच्या डिकीत रोल कधीही ठेवू नका. आपल्याकडची उष्णता आणि दमट हवा फिल्म खराब करते. कोरा रोल फ्रिजमध्ये बंद डबीत ठेवा, आणि बाहेर काढल्यावर तासभर तरी डबी उघडू नका, नाहीतर आत दव धरतं.

डेव्हलपिंग घरीच करा, त्यातच खरी गंमत आहे. एचपी५ या ४०० आयएसओच्या कृष्णधवल फिल्मला आयडी-११ या डेव्हलपरमध्ये २० अंशांना साडेसात मिनिटं लागतात. पण इथल्या नळाचं पाणी उन्हाळ्यात सहज तिशीला पोचतं! द्रावणाची बाटली बर्फाच्या बादलीत बुडवा, थर्मामीटर २० दाखवेपर्यंत थांबा. ही घाई मीही केली आहे. अख्खा रोल काळाकुट्ट निघाला.

नोकरी आड येते असं वाटलं, तर हे आठवा: चित्रकार सुधीर पटवर्धन २००५पर्यंत ठाण्यात रेडिओलॉजिस्ट होते. दवाखाना सांभाळूनच त्यांनी शहरातली कष्टाची माणसं रंगवली. तुमच्या शिफ्टबरोबर सुटणारी माणसंही रोज तुमच्या समोरच असतात. उद्या त्यांच्यापासून सुरुवात करा, त्यांना विचारून.