डाळिंबाचे उन्हाळी पाणी : हुकूम बोर्डाचा, ओझे स्टार्टरचे

माणगंगेचे पात्र कोरडे पडले की म्हसवड परिसरात विहिरीचे आणि बोअरचे पाणी मोजूनमापून वापरावे लागते. आंबे बहाराची डाळिंबे नेमकी याच दिवसांत फुगत असतात. ताण पडल्यावर एकदम भरपूर पाणी दिले की फळे तडकतात. रात्रीच्या विजेवर वेळ साधण्यासाठी घरातला एखादा तरुण आर्डुइनोचा बोर्ड आणून मोटर आपोआप चालवू पाहतो. हौस कामाची आहे. फक्त जोडणी करताना पुढील काळजी घ्यावी.

बोर्डाची ताकद ओळखा. आर्डुइनो उनोच्या एका पिनमधून २० मिलिअँपिअरपर्यंतच प्रवाह घ्यावा. ४० ही कमाल मर्यादा आहे. ५ व्होल्टच्या साध्या रिलेची कॉइलच सुमारे ७० मिलिअँपिअर मागते. म्हणून सुटी रिले थेट पिनला जोडू नये. ट्रान्झिस्टर व ऑप्टोकपलर असलेले रिले मॉड्यूल घ्यावे आणि त्याला वेगळा वीजपुरवठा द्यावा.

मोटर रिलेवर चालवू नका. पाच एचपीची थ्री-फेज मोटर चालताना साधारण ७ ते ८ अँपिअर घेते, पण थेट सुरू होताना त्याच्या सहा-सात पट ओढते. १० अँपिअर लिहिलेल्या रिलेचे पॉइंट त्यात चिकटतात आणि मोटर बंदच होत नाही. रिलेने फक्त स्टार्टरच्या कॉन्टॅक्टरची कॉइल चालवावी. कॉइलवर ४१५ व्होल्ट लिहिले असेल, तर २५० व्होल्टची रिले तिथे चालत नाही. योग्य क्षमतेची मधली रिले वायरमनकडून बसवून घ्यावी.

संरक्षण तसेच ठेवा. ओव्हरलोड रिले, सिंगल फेज प्रिव्हेंटर, ड्राय रन संरक्षण आणि लाल बटण यांना वळसा घालून जोडणी करू नये. लाल बटणाच्या वाटेत रिलेचा पॉइंट असा घ्यावा, की बोर्ड बंद पडला तर मोटरही थांबेल.

व्हॉल्व्हसाठी मॉसफेट. ठिबकचे १२ व्होल्ट डीसी सोलेनॉइड व्हॉल्व्ह आयआरएलझेड४४एनसारख्या लॉजिक-लेव्हल मॉसफेटवर चालवता येतात. गेटला १० किलोओहमचा रोध ग्राउंडकडे लावावा, म्हणजे बोर्ड सुरू होताना व्हॉल्व्ह उगाच उघडणार नाही. कॉइलवर १एन४००७ डायोड उलटा जोडावा. नाहीतर बंद होतानाचा झटका मॉसफेट जाळतो. हा डायोड एसी कॉइलला मात्र कधीही लावू नये. तिथे रोध-कपॅसिटरचा स्नबर वापरतात.

वीज आल्यावर घाई नको. गेलेली वीज परतताच एका ट्रान्सफॉर्मरवरच्या सगळ्या मोटरी एकदम सुरू झाल्या तर दाब पडतो. प्रोग्राममध्ये काही मिनिटांचा थांबा ठेवावा आणि तिन्ही फेज आहेत याची खात्री झाल्यावरच मोटर चालू करावी.

पहिली चाचणी मोटर न जोडता, रिलेवर दिवा लावून घ्यावी. नंतर चार दिवस माणूस जवळ असतानाच यंत्रणा चालवावी. पेटी उघडण्याआधी मेन स्विच खाली ओढावा, अर्थिंग तपासावे, ओल्या हाताने काही करू नये. रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन विहिरीवर जाणारा माणूस घरी निजावा, यासाठीच ही खटपट आहे. त्याच्या जिवाला धोका होईल अशी एकही तार उघडी ठेवू नका.