तेल गळल्यावर कंपनी काय म्हणते?

गाडीला बाहेरच्या कंपनीचे शॉकअप, स्प्रिंगा किंवा ब्रेकपॅड लावायचे असतील, तर ती कंपनी कशी आहे हे जाहिरातीवरून कळत नाही. पार्ट बसवून आठवडा झालेल्या माणसाच्या कौतुकावरूनही कळत नाही. पार्ट बिघडल्यावर ती काय करते, त्यावरून कळतं.

माझी बोलेरो चंद्रपूरहून गोंडपिपरी, आष्टी करत आल्लापल्लीला आणि तिथून पुढे सिरोंच्याकडे जाते. सुरजागडच्या खनिजाचे ट्रक सुरू झाल्यापासून या पट्ट्यातल्या रस्त्यांनी काय सोसलं, ते इथल्या माणसाला सांगायला नको. त्यात मे महिन्याचं ऊन. शॉकअपच्या नळीत तेल असतं. खड्ड्यामागून खड्डा लागत गेला की ते तापतं, त्यात हवा मिसळून फेस होतो. मग चाक आवरलं जात नाही आणि गाडी होडीसारखी हेलकावते. नायट्रोजनच्या दाबाचे शॉकअप हा फेस बराच रोखतात, म्हणून मी तसे ‘हेवी ड्युटी’ शॉकअप घेतले. नाव सगळीकडून चांगलंच ऐकलं होतं.

पहिल्याच पावसाळ्यात मागचे दोन्ही गळायला लागले. मिस्त्री म्हणाला, “भाऊ, इकडे पाहा, तेल येऊन राह्यलं.” दांड्याला धुळीचा तेलकट चिखल चिकटला होता. तो पुसून बोट फिरवलं तर क्रोम खरबरीत लागलं. बारीक बारीक गंजाचे ठिपके उठले होते. प्रत्येक उसळीला तो दांडा रबरी सीलमधून वर-खाली घासत होता. सील टिकणार तरी कसं? क्रोमचा मुलामा पातळ दिलेला, दोष तिथेच होता.

कंपनीला फोटो पाठवले. उत्तर आलं की खराब रस्त्यावरच्या वापराला वॉरंटी नाही. जाहिरातीत मात्र त्यांचीच गाडी दगडधोंड्यांतून उड्या मारत होती. पुढे बॅच नंबर मागितला. तो स्टिकरवर होता आणि स्टिकर पावसात निघून गेला होता. मग पार्ट आमचाच कशावरून, असा प्रश्न आला. तेव्हापासून कुणी विचारलं की मी आधी वॉरंटीचं कार्ड वाचायला सांगतो, आणि त्यातही काय काय वगळलंय ते.

नंबर धातूवर ठोकलेला किंवा कोरलेला हवा. जी कंपनी बॅच कोरते, तिला सदोष माल परत ओळखायचा असतो. खोक्यावर बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, किंमत आणि तक्रारीचा संपर्क असणं २०११ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार बंधनकारक आहे. नुसता ब्रँड आणि वाघाचं चित्र असेल तर खोकं तिथेच ठेवा. आयएसओ ९००१ चा कागद दाखवला तर तो कारखान्याच्या कामकाजाचा असतो, तुमच्या हातातल्या पार्टचा नव्हे. पुण्याच्या एआरएआयचा चाचणी अहवाल आहे म्हणाले तर त्यावरचा पार्ट नंबर खोक्यावरच्या नंबराशी ताडून पाहा.

माझा सर्वांत भरवशाचा उपाय मात्र फोनचा आहे. घेण्याआधी कंपनीला फोन करून आपली गाडी सांगायची. “हो हो, बसतो” एवढंच उत्तर आलं तर सोडून द्या. जाणकार कंपनी उलट तुम्हालाच विचारते: मागे किती वजन असतं, पाटे मूळचेच आहेत की वाढवलेत, गाडी कोणत्या सालची? ऑस्ट्रेलियाची ओल्ड मॅन एमू एकाच गाडीसाठी वजनाप्रमाणे वेगवेगळ्या स्प्रिंगा देते, ते यासाठीच. मग विचारा, सील बदलून मिळतं का, आणि नागपुरात कोण बदलून देतं? आपल्याकडून नागपूरच जवळ.

नाव मोठं आहे म्हणून डोळे मिटू नका. जपानची केवायबी शॉकअपमध्ये जगभर नावाजलेली; तिनेच ऑक्टोबर २०१८ मध्ये इमारतींच्या भूकंपरोधक डॅम्परांच्या चाचणीचे आकडे फिरवले गेल्याचं जाहीर केलं. पण ते जाहीर केलं आणि डॅम्पर बदलून देण्याची जबाबदारीही घेतली, हेही कंपनी जोखताना मोजायला हवं.

माहिती विचारायची तर मोहर्लीच्या जिप्सीवाल्यांना विचारा. जिप्सी बनणं बंद झालंय, पण ताडोबात त्या रोज धुळीतून पळतात आणि कुठला माल एक उन्हाळा अन् एक पावसाळा काढतो, हे त्यांना खिशाच्या अनुभवानं ठाऊक असतं. दुकानदाराला कमिशन असतं, त्यांना नसतं.

गाडी उंच करण्याचे किट विकणारा कायद्याबद्दल काय बोलतो, हेही ऐका. मूळ मापाचा शॉकअप बदलणं वेगळं आणि गाडीची रचना बदलणं वेगळं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं की कंपनीच्या मूळ तपशिलाला सोडून बदल चालणार नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. “काही होत नाही भाऊ” म्हणणारा उद्या वॉरंटीलाही तेच म्हणेल.

जीएसटीचं पक्कं बिल घ्याच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे कंपनी दिल्लीची असो की कोइम्बतूरची, तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगात, म्हणजे चंद्रपूर किंवा गडचिरोलीतच करता येते. आधी १९१५ या हेल्पलाइनवर नोंदवा. जिप्सी किंवा पिकअप स्वतः चालवून पोट भरणाऱ्यालाही हा हक्क आहे. धंद्याची गाडी म्हणून तो जात नाही, फक्त उपजीविकेसाठी स्वतः चालवतो हे दाखवावं लागतं. आणि काढलेले मूळचे शॉकअप भंगारात देऊ नका. नवे कुरिअरनं परत जाऊन येईपर्यंत आल्लापल्लीचा फेरा त्यांच्यावरच होतो.