घरातील वीजजोडणी, कीटक आणि कुशल वायरमन : पावसाळ्यापूर्वीचे एक दुर्लक्षित काम

प्रास्ताविक

भिलाई हे नाव पोलादाशी जोडले गेले आहे. 1955 साली झालेल्या भारत-सोव्हिएत करारातून येथील कारखाना उभा राहिला आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबर वसाहत आली, रोजगारासाठी विदर्भातून अनेक मराठी कुटुंबे आली. भोवतालची दुर्ग जिल्ह्यातील गावे मात्र भात व भाजीपाला पिकवीतच राहिली. आज या पट्ट्यातील अनेक घरांत एक जण कारखान्यात आणि दुसरा शेतात असतो. घर आणि पंपघर अशा दोन्ही ठिकाणच्या विजेची काळजी त्यांना वाहावी लागते. गोंदिया व भंडारा या भातपट्ट्यातील शेतकऱ्यांची परिस्थितीही फारशी वेगळी नाही.

जुन्या घरांतील वीजजोडणी मुख्यतः दिवे व पंखे यांचा विचार करून झालेली असते. त्याच तारांवर आता वातानुकूलक, गिझर, इंडक्शन शेगडी व पाण्याचा पंप यांचा भार पडतो. सुमारे 2,000 वॉटचा गिझर, तेवढीच शेगडी आणि दीड टनाचा वातानुकूलक एकाच वेळी चालू असल्यास 230 व्होल्टवर चोवीस अँपिअरच्या आसपास प्रवाह वाहतो. वाढत्या भाराचा हा धोका बहुतेकांना ठाऊक असतो. जोडणीत शिरणारे कीटक व इतर प्राणी हे दुसरे कारण मात्र क्वचितच विचारात घेतले जाते. देशात विजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे दगावतात. त्यामुळे या विषयाकडे केवळ बिघाड व दुरुस्ती म्हणून पाहणे योग्य नाही.

विजेच्या पेटीत कोण शिरते आणि का

मुंग्या : भाताच्या बांधांत वारूळ करणारी तांबडी आगमुंगी (सोलेनोप्सिस जेमिनाटा) शेतात पाणी साचू लागताच उंच व कोरड्या जागा शोधते. घरात सर्रास आढळणारी भूतमुंगी (टॅपिनोमा मेलॅनोसेफॅलम) जेमतेम दीड मिलिमीटर लांब असून तिला कोणतीही फट पुरते. भिंतीतील नळी व स्विचबोर्डामागची पोकळी या दोघींनाही सोयीची असते. पहिली मुंगी दोन उघड्या संपर्कांच्या मध्ये आली की तिला धक्का बसतो. आगमुंगीच्याच कुळातील सोलेनोप्सिस इन्व्हिक्टा या जातीवर अमेरिकेत झालेल्या आणि 2002 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की धक्का बसलेल्या मुंग्या इशारा देणारी व इतर मुंग्यांना आकर्षित करणारी रसायने सोडतात. त्यामुळे आणखी मुंग्या येतात, त्यांनाही धक्का बसतो आणि मृत मुंग्यांचा थर साचत जातो. पंपाच्या स्टार्टरमध्ये असा थर संपर्कबिंदूंच्या मध्ये आला तर एखादा फेज जुळत नाही आणि मोटर उरलेल्या दोन फेजवर चालून जळते. शेतकरी मोटरीला दोष देतो, रिवाइंडिंगचा खर्च करतो आणि पुढच्या पावसाळ्यात तीच घटना पुन्हा घडते.

वाळवी : ओडोंटोटर्मिस ओबेसस ही जमिनीत वारूळ करणारी वाळवी लाकडी बोर्ड, लाकडी पट्टीवरील जुनी वायरिंग आणि भिंतीत ठोकलेल्या लाकडी गुल्ल्या खाते. बोर्ड वरून रंगवलेला व शाबूत दिसतो, पण आतून पोकळ झालेला असतो. स्क्रूची पकड सुटते, सॉकेट हलू लागते, जोड सैल होऊन तापतो. वाळवीने आणलेली माती दमट हवेत पाणी धरून ठेवते आणि त्या मातीतून प्रवाहाची गळती होऊ शकते.

कुंभारीण माशी : स्केलिफ्रॉन प्रजातीची ही गांधीलमाशी वापरात नसलेले सॉकेट, उघडी नळी आणि मीटरपेटीचा कोपरा येथे चिखलाचे घरटे बांधते. हे घरटे ओले झाल्यास वाळवीच्या मातीप्रमाणेच धोकादायक ठरते.

पाली व उंदीर : दारावरच्या पांढऱ्या दिव्याकडे भातावरील पिवळ्या खोडकिड्याचे पतंग आणि तुडतुडे झेपावतात, त्यांच्यामागे पाल येते आणि ती जवळच्या बोर्डात आसरा घेते. उंदरांचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असल्याने ते सतत काहीतरी कुरतडतात आणि तारेवरील आवरणही त्यातून सुटत नाही. भाताच्या कापणीनंतर शेतातील उंदीर घर व कोठाराकडे वळतात, हे लक्षात ठेवावे.

कीटकनाशक हा उपाय का नव्हे

बोर्डात मुंग्या दिसल्या की डबा उचलून फवारा मारण्याची सवय सार्वत्रिक आहे. ही सवय थांबविणे हे विस्तार कार्यकर्त्यांचे पहिले काम आहे. पाण्यात मिसळलेले कीटकनाशक चालू बोर्डात गेल्यास फवारणाऱ्यालाच धक्का बसू शकतो. घरगुती एरोसोल डब्यांमध्ये बहुधा ज्वलनशील वायू असतो आणि तो स्विचच्या ठिणगीने पेट घेऊ शकतो. शिवाय मेलेल्या मुंग्या आतच राहतात, फट उघडी राहते आणि दुसरी फौज त्याच वाटेने येते. म्हणून पेटीच्या आत कोणतेही औषध वापरू नये. मुंग्यांची रांग जेथून येते तेथे, म्हणजे घराबाहेर, साखरेच्या पाकात सुमारे एक टक्का बोरिक आम्ल मिसळलेले आमिष मुलांच्या व जनावरांच्या आवाक्याबाहेर ठेवता येते. वाळवीसाठी भारतीय मानक आयएस 6313 च्या तिसऱ्या भागात उभ्या इमारतींच्या उपचाराची पद्धत दिली आहे. ते काम प्रशिक्षित व्यक्तीकडून करून घ्यावे. भिंतीत किंवा फरशीत छिद्रे पाडण्यापूर्वी वायरमनकडून तारांचा मार्ग आखून घ्यावा आणि मुख्य स्विच बंद ठेवावा.

खरा उपाय जोडणी सुधारण्याचा आहे. फट बुजली, लाकूड गेले, जोड घट्ट झाले की कीटकाला तेथे निवारा उरत नाही.

वायरमन कसा निवडावा

औद्योगिक नगरीत विजेचे काम जाणणाऱ्या माणसांची उणीव नसते. परंतु कारखान्यातील यंत्रांची देखभाल आणि घराची जोडणी ही वेगवेगळी कौशल्ये आहेत. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा व वीजपुरवठा विनियमांनुसार दिवा, पंखा, फ्यूज किंवा स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामे वगळता जोडणीचे काम परवानाधारक विद्युत ठेकेदारामार्फत आणि सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीच्या देखरेखीखाली व्हावे लागते. ओळखीच्या माणसाकडून काम घेण्यात गैर काही नाही, मात्र पुढील बाबी पाहूनच ते सोपवावे.

1. वायरमनचा परवाना व ठेकेदाराचा अनुज्ञप्ती क्रमांक पाहावा आणि मुदत संपलेली नाही याची खात्री करावी. आयटीआयचे इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन व्यवसायाचे प्रमाणपत्र ही जमेची बाजू आहे, पण ते परवान्याची जागा घेत नाही.

2. त्याच्याकडे मेगर, म्हणजे आवरणाचा रोध मोजण्याचे उपकरण, आहे का हे विचारावे. केवळ टेस्टर व पक्कड यांवर घराची जोडणी तपासता येत नाही.

3. अंदाजपत्रक लेखी व बाबनिहाय घ्यावे. त्यात तारेचा आकार, मानक चिन्ह, सर्किटांची संख्या, अर्थिंग आणि चाचणी यांचा स्वतंत्र उल्लेख असावा. सामान सुपेला येथून घ्यावे की पॉवर हाऊसच्या बाजारातून, हा सोयीचा प्रश्न आहे. पक्की पावती मात्र आवश्यक आहे.

4. रकमेचा शेवटचा हप्ता चाचणी डोळ्यांसमोर पूर्ण झाल्यावरच द्यावा.

मीटर आणि त्यापूर्वीची वाहिनी वितरण कंपनीच्या ताब्यात असते. मीटरपेटीत मुंग्या किंवा घरटे दिसल्यास सील न तोडता कंपनीकडे तक्रार नोंदवावी. घरातील मुख्य स्विच बंद केला तरी त्याच्या अलीकडची तार जिवंतच राहते, याची जाणीव घरातील प्रत्येकाला असावी.

सुधारणेत काय असावे

सर्किटे व तारा : दिवे-पंख्यांच्या एका सर्किटवर 800 वॉट किंवा दहा पॉइंट यांहून अधिक भार नसावा. त्यासाठी 1.5 चौरस मिलिमीटरची आणि 16 अँपिअरच्या सॉकेटसाठी 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची तार वापरण्याचा प्रघात चांगला आहे. गिझर, वातानुकूलक व पंप यांना स्वतंत्र सर्किट व स्वतंत्र एमसीबी द्यावी. तार जाड ठेवून एमसीबी लहान असल्यास केवळ खोळंबा होतो, पण तार बारीक आणि एमसीबी मोठी असल्यास आगीला आमंत्रण मिळते.

आरसीसीबी : अनेक शेतकऱ्यांना वाटते की अर्थिंग चांगले असले म्हणजे पुरे. हिशेब वेगळे सांगतो. अर्थिंगचा रोध 5 ओहम असेल तर 230 व्होल्टवर दोषप्रवाह फार तर 46 अँपिअर होतो. 32 अँपिअरची एमसीबी एवढ्या प्रवाहावर तत्काळ पडत नाही, आणि तोवर पंपाचे किंवा कूलरचे पत्र्याचे अंग जिवंत राहते. 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी मात्र गळती होताच क्षणार्धात पुरवठा तोडते. अर्थिंग आणि आरसीसीबी दोन्ही असावीत. एकाने दुसऱ्याची उणीव भरून निघत नाही.

पावसाळ्यात आरसीसीबी वारंवार पडू लागते तेव्हा ती बिघडली असे समजून काढून टाकली जाते. याच चुकीतून जीव जातात. ओली माती, मुंग्यांचा थर, कुरतडलेली तार किंवा भिंतीतील ओल यांपैकी काहीतरी प्रवाहाला वाट देत आहे, असा तिचा संदेश असतो. एकेक सर्किट बंद करून वायरमनने दोषाची जागा शोधावी. आरसीसीबी वगळून थेट जोड देण्यास तयार होणाऱ्याला पुन्हा काम देऊ नये.

अर्थिंग : जमिनीचा प्रकार येथे महत्त्वाचा ठरतो. भाटा जमीन मुरमाड असल्याने उन्हाळ्यात लवकर कोरडी पडते आणि रोध वाढतो. कन्हार ओल धरते, पण सुकताना भेगाळून इलेक्ट्रोडपासून सुटू शकते. म्हणून अर्थिंगची मोजणी एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे सर्वांत वाईट स्थितीत करावी. पावसाळ्यातील मोजणी खोटा दिलासा देते.

पेट्या व फटी : लाकडी बोर्डांऐवजी मानक चिन्हाचे धातूचे किंवा पीव्हीसीचे बॉक्स बसवावेत. पंपघर व अंगणासाठी पेटी घेताना तिच्यावरील आयपी अंक पाहावा. त्यातील पहिला अंक 4 असल्यास एक मिलिमीटर जाडीची वस्तू आत जात नाही, पण भूतमुंगीचे डोके त्याहून पुष्कळ अरुंद असते. म्हणून आयपी 55 किंवा आयपी 65 पेटी घ्यावी आणि तार ग्लँडमधूनच आत न्यावी. ग्लँडविना पाडलेले एक छिद्र संपूर्ण पेटी निरुपयोगी करते. भिंतीतील नळीची तोंडे बुजवावीत आणि न वापरलेल्या सॉकेटवर झाकण लावावे. दारावर पिवळसर प्रकाशाचा एलईडी दिवा बोर्डापासून दूर लावल्यास कीटक कमी येतात आणि त्यांच्यामागून येणाऱ्या पालीही.

काम पूर्ण झाल्यावरची चाचणी

जोडणी वीजपुरवठ्यापासून अलग करून 500 व्होल्टच्या मेगरने एक मिनिट तपासणी करावी. आवरणाचा रोध किमान 1 मेगओहम असावा. प्रत्येक सॉकेटमध्ये फेज, न्यूट्रल व अर्थ योग्य जागी आहेत का ते पाहावे. आरसीसीबीचे चाचणी बटण दाबून ती पडते याची खात्री करावी. कोणती एमसीबी कोणत्या खोलीची, याची यादी पेटीच्या झाकणात चिकटवावी. भिंत लिंपण्यापूर्वी नळ्यांच्या मार्गाची छायाचित्रे घेतल्यास पुढे वाळवीच्या उपचाराच्या वेळी ती उपयोगी पडतात.

वार्षिक वेळापत्रक

एप्रिल-मे : अर्थिंगची मोजणी, परवानाधारक वायरमनकडून संपूर्ण पाहणी, फटी बुजविणे.

जून : पहिल्या पावसापूर्वी पंपघराचा स्टार्टर पुरवठा पूर्ण तोडून वायरमनकडून उघडून कोरड्या ब्रशने साफ करून घेणे.

जुलै-सप्टेंबर : दरमहा आरसीसीबीचे बटण दाबून पाहणे, बोर्डाभोवती मुंग्यांची रांग किंवा मातीची नळी दिसते का यावर लक्ष ठेवणे.

ऑक्टोबर-नोव्हेंबर : कापणीनंतर उंदरांच्या वाटा शोधणे, कुरतडलेल्या तारा बदलणे.

विस्तार कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वीच्या शेतकरी मेळाव्यात बियाणे व बीजप्रक्रियेच्या जोडीला अर्धा तास या विषयासाठी राखून ठेवावा. परिसरातील परवानाधारक वायरमनला त्या सभेत बोलवावे आणि मुंग्यांनी भरलेला एखादा जुना स्टार्टर उघडून दाखवावा. बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक पाहिलेला शेतकरी ती घरी करून पाहतो. उघडलेला स्टार्टर पाहिलेला शेतकरी आपल्या पंपघराच्या पेटीकडे नव्या नजरेने पाहील आणि फवाऱ्याचा डबा न उचलता वायरमनला बोलावील.